बॅटरचा सूर परत येतोय हे ओळखायचं कसं?

२० एप्रिल २०२४, शनिवार. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये यांकीज या बेसबॉल संघाचा कॅप्टन ॲरन जज टँपा बे रेजविरुद्ध चार वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दोनच वर्षांपूर्वी याच जजने एका मोसमात ६२ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके) मारून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) ६१ वर्षं टिकलेला ६१ होम रनचा विक्रम मोडला होता. तेव्हा डोक्यावर घेणारेही हेच लोक. मॅचनंतर जज चिडला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, अशा अर्थाचं बोलून तो मोकळा झाला.

एप्रिल संपला तेव्हा त्याची सरासरी होती ०.२०७ आणि होम रन सहा. मोसम संपला तेव्हा सरासरी ०.३२२, होम रन ५८, आणि मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकमताने.

आता मागे वळून बघताना वाटतं, जजच तो, परतणारच होता. पण एप्रिलमध्ये हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं असतं का? चाचपडणारा बॅटर सावरतोय की एखादा दिवस नशिबाने साथ दिली, हे कळायचं कसं? माझं उत्तर असं, की बऱ्यापैकी कळतं, फक्त नजर सरासरीच्या आकड्यावरून हलवावी लागते. हिट्स सगळ्यात शेवटी परततात. त्यांच्या आधी दोन-तीन गोष्टी जागेवर येतात आणि त्या साध्या टीव्हीवरही दिसतात.

आधी सरासरीचा हिशोब उरकून घेऊ, कारण क्रिकेटची सवय असलेला माणूस इथेच पहिल्यांदा गोंधळतो. बेसबॉलच्या सरासरीत धावा येतच नाहीत. पिचरने टाकलेला बॉल मारून बॅटर सुखरूप किमान पहिल्या बेसवर पोचला की एक हिट. हिट्सना ‘ॲट-बॅट’ने (बॅटरच्या मारायच्या पाळ्यांनी) भागायचं, झाली सरासरी. शंभर ॲट-बॅटमध्ये तीस हिट्स म्हणजे ०.३००, आणि तेवढं मारणारा बॅटर म्हणजे मोठा बॅटर. म्हणजे दहातून सात वेळा हात हलवत परत येणारा माणूस इथे स्टार असतो! २०२४ मध्ये सगळ्या मेजर लीगची (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलची) मिळून सरासरी ०.२४३ होती. ०.२०० च्या खाली गेलात की तुम्ही ‘मेंडोझा लाइन’च्या खाली. मारिओ मेंडोझा हा मेक्सिकोचा उत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर), फील्डिंगमध्ये अफलातून. बिचाऱ्याची कारकिर्दीची सरासरी ०.२१५ होती, म्हणजे त्याच्या नावाच्या रेषेच्या वरच. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

पिचरने स्ट्राइक झोनच्या (प्लेटच्या वरची, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची कल्पित चौकट) बाहेर चार बॉल टाकले आणि बॅटरने ते सोडले, तर बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. याला वॉक म्हणतात, आणि तो ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. त्यामुळे वॉकने सरासरी वाढतही नाही, घटतही नाही. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मारणं इतकं अवघड का, हेही थोडं बघू. पिचरचा रबर (ज्या पट्टीवर पाय ठेवून तो टाकतो ती) ते होम प्लेट (बॅटर जिच्या शेजारी उभा राहतो ती पाटी) हे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. हात सुटेपर्यंत पिचर पुढे झेपावलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ५५ फुटांच्या आसपासच उरतात. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटरचा बॉल हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातले ०.१५ सेकंद जातात. उरलेल्या पाव सेकंदात बॅटरने ठरवायचं: हा सरळ वेगवान आहे, की शेवटच्या क्षणी बाहेर घसरणारा स्लायडर आहे, की हाताचा वेग तोच ठेवून हळू टाकलेला चेंजअप? झोनमध्ये येणार की बाहेर जाणार? आणि बॅटही क्रिकेटसारखी सपाट नाही, दंडगोल आहे, जास्तीत जास्त २.६१ इंच जाडीची. बॉल तीन इंचाच्या आतबाहेर. गोल वस्तूने गोल वस्तू मारायची. अर्धा इंच खाली लागला की बॉल आकाशात जाऊन आरामात कॅच, अर्धा इंच वर लागला की जमिनीवर टप्पे खात थेट फील्डरच्या ग्लोव्हजमध्ये.

सूर हरवतो म्हणजे बहुतेक वेळा काय होतं? हा पाव सेकंद कमी पडायला लागतो. हिट मिळत नाही म्हणून बॅटर अधीर होतो, अधीर झाला की लवकर ठरवतो, लवकर ठरवलं की बाहेरच्या बॉलवर बॅट फिरते. पिचर काही दुधखुळे नसतात. दोन दिवसांत ही बातमी सगळ्या लीगभर होते आणि मग त्या बॅटरला झोनमध्ये बॉलच टाकत नाहीत. तोच मागे धावतोय म्हटल्यावर कशाला टाकतील?

पण त्याआधी हेही तपासायला हवं की सूर हरवलाय तरी का. एक छोटं गणित करू. एखादा बॅटर खरोखर ०.२५० चा आहे असं समजा. दर ॲट-बॅटला हिट न मिळण्याची शक्यता चारात तीन. सलग सोळा वेळा कोरडं जाण्याची शक्यता शंभरात एक. ऐकायला दुर्मिळ वाटतं. पण मोसमात साडेपाचशे ॲट-बॅट असतात आणि प्रत्येक हिटनंतर असा दुष्काळ नव्याने सुरू होऊ शकतो. हिशोब मांडला तर अशा बॅटरच्या वाट्याला सोळा किंवा त्याहून लांब दुष्काळ मोसमात सरासरी एकदा तरी येतोच, आणि तेही त्याच्या तंत्रात काडीचाही बिघाड नसताना. शंभर ॲट-बॅटचा, म्हणजे साधारण महिन्याभराचा विचार केला, तर हाच माणूस निव्वळ नशिबाच्या फेऱ्याने ०.२१० वरही दिसू शकतो आणि ०.२९० वरही. पहिल्या महिन्यात वर्तमानपत्रं त्याला संपलेला म्हणतील, दुसऱ्या महिन्यात गवसलेला. माणूस तोच असतो.

म्हणून सरासरीवर पहिल्या दोन महिन्यांत फार विसंबू नये. आकडेवारीच्या अभ्यासकांनी एक ढोबळ हिशोब काढून ठेवलाय: बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो हे प्रमाण साठेक वेळा प्लेटवर आल्यावरच बरंचसं विश्वासार्ह होतं. वॉकचं प्रमाण सव्वाशेच्या आसपास. आणि सरासरी? तिला एक अख्खा मोसमही पुरत नाही. विहिरीची पातळी बघून आज पाऊस पडला की नाही हे ठरवण्यासारखं ते आहे. पाणी आधी जमिनीत मुरतं, विहीर नंतर चढते.

मग पाणी मुरतंय हे बघायचं कुठे?

पहिली जागा म्हणजे सोडलेले बॉल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात कमी बघितलं जातं, कारण बॅट न हलवणाऱ्या माणसाकडे कॅमेरा आणि प्रेक्षक दोघंही दुर्लक्ष करतात. एक बॉल, दोन स्ट्राइक अशी अवस्था आहे असं धरा (इथे ‘बॉल’ म्हणजे झोनबाहेरचा सोडलेला, ‘स्ट्राइक’ म्हणजे हुकलेला किंवा झोनमधला सोडलेला). आणखी एक स्ट्राइक आणि बॅटर बाद. पिचर स्लायडर टाकतो. बॉल प्लेटच्या मधोमध येतोय असं अर्ध्या वाटेपर्यंत वाटतं, मग तो खाली आणि बाहेर निघून जातो. चाचपडणारा बॅटर इथे हमखास फसतो. कंबर आधी फिरते, हात मागून ओढले जातात, बॅट बॉलच्या वरून हवेत जाते. सावरणारा बॅटर पुढचा पाय टाकतो, खांदा मात्र बंद ठेवतो, बॅट अर्ध्यावर थांबते. बॉल. मग पुढचाही तसाच सोडतो. आता तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणि पिचरला झोनमध्ये यावंच लागतं. त्यानंतरचा बॉल त्याने मारला, तो उंच उडाला आणि कॅच झाला, तर कागदावर तो निव्वळ एक बाद. पण तो ॲट-बॅट बॅटरने जिंकलेला असतो. पूर्ण लीगचा विचार केला तर बॅटर झोनबाहेरच्या बॉलपैकी चारांत एकाहून थोड्या जास्त बॉलवर बॅट फिरवतात. एखाद्याचं हे प्रमाण महिन्याभरात तिसऱ्या हिश्श्यावरून चौथ्या हिश्श्यावर आलं, तर सरासरी ०.१९० असली तरी मी त्याच्या बाजूने पैज लावीन.

जजच्या एप्रिलकडे आता परत बघा. सरासरी ०.२०७, पण बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३४०. मधलं अंतर मुख्यतः वॉकचं. शंभर वेळा प्लेटवर आला तर चौतीस वेळा तो कसाही करून बेसवर जात होता, आणि हे लीगच्या सरासरीपेक्षा चांगलंच वर होतं. नजर शाबूत होती. इथे एक सावधगिरी हवी: जजसारख्या सहा फूट सात इंची धिप्पाड माणसाला पिचर मुळातच घाबरून बाहेर टाकतात, त्यामुळे त्याचे काही वॉक पिचरच्या धाकातून येतात. तरी समोर आलेलं सोडावं तर लागतंच, आणि ते तो सोडत होता. मे महिन्यात तो ०.३६१ वर गेला, १४ होम रन. जूनमध्ये ०.४०९, आणखी ११. एप्रिलमधली हुर्यो कुणाला आठवतही नव्हती.

दुसरी जागा आणखी मजेशीर आहे: फाउल बॉल, म्हणजे मैदानाच्या रेषांबाहेर गेलेला फटका. टीव्हीवर बॉल फाउल गेला की आपण फोनकडे बघतो. तसं करू नका! उजव्या हाताचा बॅटर वेगवान बॉलवर सारखा उजवीकडच्या प्रेक्षकांत फाउल मारत असेल, तर तो उशीर करतोय. बॉल त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा बॅट अजून येतच होती. हळू बॉलवर डावीकडे सणसणीत फाउल, किंवा तिसऱ्या बेसच्या दिशेने घरंगळणारे बॉल म्हणजे तो घाई करतोय. आणि बॉल सरळ मागे, अंपायरच्या डोक्यावरून जाळीत गेला तर? तर वेळ अगदी बरोबर साधलेली आहे, बॅट फक्त अर्धा-पाव इंच खाली लागली. असे फाउल मारल्यावर काही बॅटर स्वतःवरच वैतागून मान हलवतात, कारण त्यांना माहीत असतं की हा बॉल त्यांचा होता. आदल्या आठवड्यात उशीर करणारा बॅटर या आठवड्यात सरळ मागे फाउल मारायला लागला, की पुढच्या आठवड्याचं तिकीट काढायला हरकत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी तर स्टेडियम काही फार लांबही नाही.

तिसरी जागा म्हणजे बॉल किती जोरात लागतो. २०१५ पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानात स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे. बॅटवरून सुटलेल्या प्रत्येक बॉलचा वेग आणि कोन ती मोजते. ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने सुटलेल्या बॉलला ‘हार्ड-हिट’ म्हणतात, आणि असे बॉल निम्म्याच्या आसपास वेळा हिट ठरतात. हळू लागलेल्यांचं नशीब त्याहून खूपच खालचं. पण निम्मे म्हणजे उरलेले निम्मे थेट फील्डरच्या हातात. लागोपाठ चार दिवस कुणाचे १०० मैलांचे फटके सरळ शॉर्टस्टॉपच्या हातात गेले, तर कागदावर तो अठरात एक हिट असा केविलवाणा दिसेल. त्याच वेगाच्या आणि त्याच कोनाच्या आधीच्या बॉलचं काय झालं होतं, ते बघून यंत्रणा ‘अपेक्षित सरासरी’ काढते. प्रत्यक्ष ०.१९० आणि अपेक्षित ०.२६५ अशी फारकत दिसली की समजावं, नशिबाकडून याचं येणं बाकी आहे. मात्र दोन्ही आकडे ०.१९० असतील, तर नशिबाला दोष देऊन चालणार नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण घ्यायलाच हवं, नाहीतर हे सगळं फार गोडगोड वाटेल.

ख्रिस डेव्हिस, बाल्टिमोर ओरिओल्स. २०१३ मध्ये ५३ होम रन, २०१५ मध्ये ४७. २०१६ च्या सुरुवातीला सात वर्षांसाठी १६.१ कोटी डॉलर्सचा करार. आणि मग घसरण. २०१८ मध्ये सरासरी ०.१६८. त्या मोसमातल्या शेवटच्या २१ ॲट-बॅटमध्ये एकही हिट नाही. २०१९ सुरू झाला तरी पाऊस पडेना. पुढच्या ३३ मध्येही शून्य. एकूण सलग ५४. पिचर सोडून बाकी खेळाडूंमधला आधीचा विक्रम युहेनियो वेलेसच्या नावावर होता, ४६ चा, तो डेव्हिसने मोडला. असा विक्रम शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

१३ एप्रिल २०१९ ला बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये, रिक पोर्सेलोच्या बॉलवर, पहिल्याच इनिंगमध्ये डेव्हिसने उजव्या बाजूला एक सरळ फटका मारला, दोन जण होम प्लेटवर पोचले, म्हणजे दोन रन. सहकारी डगआउटमध्ये उड्या मारायला लागले, परक्या मैदानातल्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्याने आणखी दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले, एकूण चार रन आत आणले. दुसऱ्या दिवशी कुणालाही वाटलं असतं, सुटला एकदाचा.

तो मोसम त्याने ०.१७९ वर संपवला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, करार बाकी असतानाच, निवृत्ती.

त्या दिवसाच्या तीन हिट्समध्ये आणि जजच्या एप्रिलमध्ये फरक कुठे होता, ते आता दिसेल. डेव्हिसच्या हिट्स परत आल्या, पण त्यांच्या आधी परत यायच्या गोष्टी आल्याच नाहीत. २०१९ मध्ये तो दहा वेळा प्लेटवर आला की जवळजवळ चार वेळा स्ट्राइकआउट होऊन परतत होता. बॅट बॉलपर्यंत पोचतच नव्हती. तीन हिट्सने बातमी बदलली, बॅटर बदलला नाही.

आणि मधलं, सगळ्यात अवघड प्रकरण असतं वय वाढलेल्या बॅटरचं. डेव्हिड ऑर्टिझ, बोस्टनचा ‘बिग पापी’, २००९ मध्ये ३३ वर्षांचा होता. १४ मे रोजी कॅलिफोर्नियात एंजल्सविरुद्ध तो सात वेळा मारायला उतरला, सातही वेळा बाद, आणि बारा रनर बेसवर तिष्ठत राहिले. मॅनेजरने पुढच्या काही मॅचेस त्याला बसवलं. मोसमातला पहिला होम रन यायला २० मे उजाडला. मे अखेर सरासरी ०.१८५ आणि होम रन तोच एक. झालं संपलं, असं बोस्टनमधले भलेभले बोलत होते. अशा वेळी प्रश्न असतो तो हातांचा वेग कमी झालाय का, हा. टायमिंग बिघडलं तर दुरुस्त होतं, वेग गेला तर जातोच. आज तरी हे मोजता येतं, कारण मे २०२४ पासून प्रत्येक बॅट किती वेगाने फिरली तो आकडाही सर्वांसाठी खुला आहे. २००९ मध्ये डोळ्यांवर विसंबण्याखेरीज इलाज नव्हता. ऑर्टिझने त्या मोसमात पुढे आणखी २७ होम रन मारले, एकूण २८. सरासरी मात्र ०.२३८ पर्यंतच चढली, कारण दोन महिन्यांचा खड्डा उरलेल्या चार महिन्यांत भरून निघत नाही. आकडा शेवटपर्यंत वाईट दिसत राहिला, माणूस केव्हाच सावरला होता. २०१६ मध्ये, चाळिशीत, निवृत्तीच्या मोसमात त्याने ०.३१५ आणि ३८ होम रन नोंदवले. २०२२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

कोच या सगळ्यात काय करतो? चांगला कोच कमी करतो. सरासरी खाली आली की उभं राहायची पद्धत बदल, हात खाली घे, पाय उचलू नको, असे दहा सल्ले दहा दिशांनी येतात आणि बॅटर प्लेटवर उभा राहून स्वतःच्या कोपराचा विचार करत बसतो. तोवर ०.४ सेकंद संपलेले असतात.

जजची गोष्ट मात्र इथे सरळ संपत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) चौदा मॅचेसमध्ये तो पुन्हा कोसळला: सरासरी ०.१८४, वीस स्ट्राइकआउट, आणि वर्ल्ड सीरिजमध्ये (अंतिम मालिकेत) यांकीज डॉजर्सकडून ४-१ ने हरले. मोसमभर तो ज्या बॉलकडे बघतही नव्हता, त्यांवर बॅट फिरत होती. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, ०.३३१ मारून त्याने लीगमधली सर्वोच्च सरासरी गाठली आणि ऑक्टोबरमध्ये टोरांटोविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या तिसऱ्या मॅचमध्ये यांकीज तीन रनने मागे असताना, दोन स्ट्राइक आणि शून्य बॉल अशा अवस्थेत, ताशी शंभर मैलांच्या जवळ जाणारा बॉल डावीकडच्या फाउल पोलवर (रेषेच्या टोकाचा खांब, त्याला लागलं की होम रन) आदळवला. तीन रन, बरोबरी. वर इतकं सगळं सांगून झाल्यावर कबूल करायला थोडं अवघड जातंय, पण तो बॉल झोनच्या बाहेर होता. बराच आत, छातीकडे येणारा. कुठलाही कोच सोडायला सांगेल असा.